नववी फेरी

सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना मी तलावाचं दार ढकलून आत गेलो आणि सूचनाफलकासमोर थांबलो. फलकावर रोजचंच असतं. टोपीशिवाय पाण्यात उतरू नये, अंगाला तेल लावून येऊ नये, हरवलेल्या गॉगलला क्लब जबाबदार नाही. त्या शनिवारी या सगळ्यावर वर्तमानपत्राचं एक कात्रण चार टाचण्यांनी ताणून लावलं होतं. आमच्या क्लबची पोरगी, आता एकोणीस वर्षांची, परदेशातून पदक घेऊन आली होती आणि तिची मुलाखत छापून आली होती. पोहायला कोणी शिकवलं, असा प्रश्न होता. सरांनी, असं उत्तर होतं. मी पाण्याला फार घाबरायचे, सरांनी हाताला धरून मला पाण्यात उतरवलं. बाजूला सरांचा फोटो, गळ्यात शिट्टी, तोंडावर खास फोटोसाठी राखून ठेवलेलं विनम्र हसू. मी ते कात्रण दोनदा वाचलं. हाताला धरून पाण्यात उतरवलं हे खरं आहे, फक्त तो हात माझा होता. ती सात वर्षांची होती. पायरीच्या लोखंडी दांड्याला तिनं असा विळखा घातला होता की तीन दिवस ती सुटली नाही आणि चौथ्या दिवशी मी सोडवायला गेलो तेव्हा माझ्या मनगटाला कडकडून चावली. आठवडाभर वण होता. पुढे पाच महिने मी तिला पाण्यात श्वास सोडायला, पाण्यावर आडवं व्हायला, पाय मारायला शिकवलं आणि मग तिला दोरीपलीकडे सरांच्या हवाली केलं. सरांना हे ठाऊक आहे. पण त्या हसण्यात ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

आमच्या तलावात आठ लेन आहेत. पहिल्या दोन माझ्या, म्हणजे नवशिक्यांच्या, त्याही पूर्ण नाहीत. उथळ टोकाला एक आडवी दोरी बांधली आहे, तिच्या अलीकडे मी कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. मधल्या तीन लेन जेमतेम पोहता येणाऱ्यांच्या, त्यांना दोन मदतनीस बघतात. शेवटच्या तीन सरांच्या. तिथं कुणी रडत नाही, कुणाची आई काठावर टॉवेल घेऊन उभी नसते, तिथं फक्त पाणी कापल्याचा आवाज येतो आणि मधूनमधून शिट्टी. त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. मला बुडबुडे सर म्हणतात. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढा, हा माझा पहिला धडा, त्यावरून कुठल्यातरी कार्ट्यानं हे नाव ठेवलं आणि सतरा वर्षांत ते इतकं रुळलं की पालकही फोनवर, बुडबुडे सर आहेत का, असं विचारतात आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नाही. पालक हा तर एक वेगळाच त्रास आहे. वरच्या कट्ट्यावर रांगेनं बसतात, फोनमध्ये डोकं घालतात आणि मूल सरांच्या लेनमध्ये कधी जाणार एवढंच विचारायला मान वर करतात. मूल आज पहिल्यांदा पाण्यावर सुटं तरंगलं, दहा सेकंद, कुणाचाही आधार नसताना, हे त्यांना सांगावं तर म्हणतात, हो का, मग हातपाय कधी मारणार? त्या दहा सेकंदांसाठी मी सतरा वर्षं पाण्यात उभा आहे. मुलाच्या पाठीखाली धरलेले माझे दोन तळवे मी हळूच खाली घेतो, मुलाला कळत नाही, ते तसंच तरंगत राहतं, छताकडे बघत, आणि मग त्याच्या लक्षात येतं की खाली कुणीच नाही. त्या वेळचा चेहरा सरांनी कधीच पाहिलेला नाही. त्यांच्याकडे जातात ते सगळे पोहणारे.

सर आणि मी एका वयाचे, एकाच बॅचमधले. एकोणिसाव्या वर्षी माझ्या उजव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं. डॉक्टर म्हणाला, डोकं पाण्याखाली घालायचं नाही. पोहणाऱ्या माणसाला असं सांगणं म्हणजे घरात राहा पण जमिनीला पाय लावू नको असं सांगण्यासारखं आहे. आई म्हणाली, बरं झालं, आता अभ्यास करशील. मी अभ्यास केला नाही. क्लबनं मला नवशिके दिले, कारण नवशिक्यांना शिकवणाऱ्याला पोहावं लागत नाही, नुसतं उभं राहावं लागतं. कानात कापूस घालून मी उभा राहिलो. पहिल्या वर्षी सर माझ्याजवळ यायचे, काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे, कुठलं पोर पुढे चांगलं निघेल ते विचारायचे. मी सांगायचो आणि माझा अंदाज चुकायचा नाही. मग ते यायचे बंद झाले. माणसं अशीच असतात, मतलब साधला की पाठ फिरवतात, असं मी बायकोला सांगितलं. तिचं म्हणणं, कामं वाढली असतील. माझ्या बायकोला सगळ्यांच्या बाजूनं काहीतरी कारण सापडतं. ती एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, दिवसभर दुखणाऱ्या लोकांशी गोड बोलते आणि घरी येतानाही ते गोड बोलणं बरोबर घेऊन येते.

तर त्या सकाळी ते कात्रण डोक्यात घेऊन मी ऑफिसात हजेरीची वही घ्यायला गेलो, तेव्हा क्लार्क म्हणाला, आज पहिली परीक्षा तुमच्या मुलीची आहे. मला आधी समजलंच नाही. त्यानं अर्ज पुढे सरकवला. वरच्या गटात जाण्याचा अर्ज, गोल गोल अक्षरात भरलेला. शेवटी पालकाची सही, माझी नव्हे, बायकोची. गट बदलण्याचं कारण, या ओळीपुढे तिनं लिहिलं होतं: मला सरांकडे शिकायचं आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तीन वर्षांची असल्यापासून ती माझ्याबरोबर या पाण्यात आहे, मधल्या लेनमध्ये गेल्यावरही मदतनिसांऐवजी तिला मीच शिकवत होतो. तलावावर मला बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, असा मीच नियम घातला होता, उगाच कुणी लाडाची म्हणू नये म्हणून. पण मुलांच्या तोंडात नुसतं सर म्हणजे ते दुसरे. अर्जावरच्या त्या ओळीत सर म्हणजे कोण यात शंकेला जागाच नव्हती. मी क्लार्कला म्हटलं, बरं. तो म्हणाला, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी म्हटलं, माहीत होतं. एवढं खोटं बोलून मी वही काखेत मारली आणि बाहेर आलो. तेव्हा मला राग आला होता असं म्हणणं अपुरं आहे. तो राग मला आवडत होता. आई आणि मुलगी घरात माझ्यासमोर बसून जेवत होत्या, शाळेच्या गमतीजमती सांगत होत्या, आणि कपाटात हा अर्ज होता. पुढे कधीतरी बायको म्हणाली की पोरीला मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, बाबानं शिकवलेलं किती येतं ते बाबालाच दाखवायचं होतं. पण ते पुढे. त्या सकाळी मला एवढंच दिसत होतं की कात्रणातल्या पोरीला विसरायला बारा वर्षं लागली आणि माझ्या पोरीला तेवढीही लागली नाहीत.

परीक्षेची पद्धत आमच्या क्लबात जुनी आहे. आठ फेऱ्या, जाऊन येऊन एक, न थांबता, दहा मिनिटांच्या आत. फेऱ्या मोजायच्या त्या मुलाच्या आतापर्यंतच्या शिक्षकानं. त्याच्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या मुठीत मोजणीचं छोटं यंत्र, त्याचं बटण दाबलं की खिडकीतला आकडा एकानं पुढे सरकतो. सात झाल्या की शिक्षकानं काठावरची पितळी घंटा वाजवायची, म्हणजे पोहणाऱ्याला कळतं की आता शेवटची. पोहणाऱ्यानं स्वतः मोजायचं नाही, कारण मोजायला लागलं की हात मंदावतो, श्वास चुकतो, आता किती राहिल्या हा हिशेब छातीवर बसतो. हे मी प्रत्येक मुलाला सांगत आलो. माझ्या मुलीला तर पाचशे वेळा सांगितलं असेल. मोजणं आमचं काम, पोहणं तुमचं. घंटा ऐकायची, बस. मुलं तरीही मनात मोजतात, मला माहीत आहे, मीही मोजायचो. पण मनातली मोजणी आणि घंटा यांत फरक पडला तर घंटा खरी. शिक्षक सांगेल तो आकडा, शिक्षक सांगेल ती वेळ, सरांनी त्यावर सही करायची, संपलं. सर त्यांच्या लेनच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून उभे होते. कट्ट्यावर सहासात पालक, सगळ्यांच्या माना खाली.

ती आली ती निळी टोपी घालून, गॉगल कपाळावर. माझ्याकडे बघून हसली, मग नियम आठवला असावा, ओठ मिटून म्हणाली, "सर, मी तयार आहे." मी अर्जाबद्दल काही बोललो नाही आणि तीही बोलली नाही. मी फक्त म्हटलं, गॉगल नीट लाव. शिट्टी दिली. ती सुटली आणि पहिल्या चार हातांतच मला दिसलं की हे पोर सहज पास होणार आहे. पाठ सरळ, पाय आवाज न करता चाललेले, श्वास तिसऱ्या हाताला, डोकं वळवताना एक कान पाण्यातच. ते सगळं माझं होतं. तो कान पाण्यात ठेवण्यासाठी दोन उन्हाळे मी तिच्या डोक्याखाली हात धरून चाललो होतो. एक फेरी बहात्तर सेकंद. दुसरी बहात्तर. तिसरी त्र्याहत्तर. मी बटण दाबत होतो. एक, दोन, तीन, चार. पलीकडे सरांची शिट्टी वाजली आणि त्यांच्या लेनमधल्या सगळ्यांनी एकदम भिंतीला पाय लावून वळण घेतलं. मी हिशेब केला. पुढच्या सोमवारपासून ती तिकडे. दोन महिन्यांत तो तिचा श्वास बदलणार, पहिलं हेच करतो तो, दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला लावतो. वर्षभरात माझा एकही धागा तिच्या पोहण्यात राहणार नाही आणि दहा वर्षांनी कुणीतरी विचारेल, पोहायला कोणी शिकवलं. ती पाचवी फेरी संपवून भिंतीला टेकली, वळली, तिच्या टाचेनं उडवलेलं पाणी माझ्या पोटरीवर आलं. माझा अंगठा बटणावर होता. मी तो दाबला नाही.

मी चुकलो नाही, हे सांगून टाकतो. या धंद्यात मोजणी चुकते, लक्ष उडतं, कुणी हाक मारतं, अंगठा दोनदा पडतो किंवा पडत नाही. मोठमोठ्या स्पर्धांत झालंय. तसं ते नव्हतं. खिडकीत चार होते, पाण्यात पाच झाल्या होत्या, आणि दोन्ही आकडे मला नीट ठाऊक होते. सहाव्या फेरीच्या शेवटी मी दाबलं, पाच. अजून वेळ होता, पुढच्या वेळी पटकन दोनदा दाबलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. सातव्या फेरीला ती भिंतीजवळ आली तेव्हा तिनं मान जराशी जास्त वळवली, घंटेसाठी. घंटा वाजली नाही. अर्धा हात ती रेंगाळली, मग भिंतीला पाय लावून निघाली. आठव्या फेरीला आली. आता खरं तर झालं होतं, नऊ मिनिटं अडतीस. भिंतीला हात लावून तिनं तोंड वर काढलं, गॉगलच्या काचा धुरकट, त्यातून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी घंटा वाजवली. पितळेचा आवाज छताला लागून परत खाली आला. ती माझ्याकडे बघत होती. एक सेकंद, फार तर दीड. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, सर, झाल्या. ती म्हणाली असती तर काय केलं असतं कुणास ठाऊक, बहुतेक ओरडलो असतो. तिनं तोंड पाण्यात घातलं आणि नववी फेरी पोहायला निघाली. ती फेरी मी पूर्ण बघितली. तिचा उजवा हात खाली पडायला लागला होता, पाय आवाज करत होते, पण ती थांबली नाही, मधल्या दोरीला हातही लावला नाही. दहा मिनिटं चोपन्न सेकंद. मी कागदावर लिहिलं, फेऱ्या आठ, वेळ दहा चोपन्न, नापास. सरांनी न वाचता सही केली. मला म्हणाले, अरे, तुझी मुलगी ना, पुढच्या महिन्यात परत बसव. आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

घरी येताना ती माझ्यामागे स्कूटरवर बसली होती आणि तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या पाठीवर उतरत होतं. तिच्या गप्प बसण्याचा मी पुढचे चारपाच दिवस अभ्यास केला. मुलं रुसतात तेव्हा दारं आपटतात, जेवत नाहीत. ती तसं काही करत नव्हती. उलट माझ्याशी जास्त चांगलं वागत होती आणि तेच मला खुपत होतं. मी वर्तमानपत्र उघडलं की उठून माझ्या डोक्यावरचा दिवा लावायची. सकाळी मी चहा घेत असताना समोर बसून टक लावून बघायची, मी बघितलं की नजर वळवायची. एकदा पाण्याच्या बिलावरची तारीख मी बायकोला वाचून दाखवत होतो, तर हिनं बिल माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं, मोठ्यानं. जिना उतरताना माझ्या पुढे चालायची आणि शेवटच्या पायरीला मागे वळून बघायची. मी मनात म्हटलं, पाळत ठेवते आहे. पोरीनं ओळखलंय आणि आता मला रोज थोडं थोडं टोचणार आहे, तिच्या आईच्या गोड पद्धतीनं. एकदा तर मी तिच्यावर खेकसलोच, काय बघतेस सारखी? ती म्हणाली, काही नाही, बाबा, तुझे डोळे लाल दिसतायत. मी म्हटलं, सतरा वर्षं क्लोरीनमध्ये उभा आहे, लाल होणारच. ती मान खाली घालून आत गेली. मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचंही वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा राग मी दुसऱ्या दिवशी एका सहा वर्षांच्या मुलावर काढला. त्याला दांड्यापासून सोडवलं ते हात धरून नाही, बोटं एकेक उचकटून. तो किंचाळला. कट्ट्यावरच्या माना पहिल्यांदा वर झाल्या.

मग क्लार्कनं नवा अर्ज दाखवला. फेरपरीक्षेला एक सोय आहे, फारशी कुणी वापरत नाही. मोजणारा बदलून मागता येतो, पालकांपैकी कुणीही चालतो. फेऱ्या कोण मोजणार, या ओळीपुढे तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: आई. माझ्या बायकोला पाण्याची भीती वाटते. बारा वर्षांत ती तलावाच्या काठावर दोनदा आली असेल, तीही चपला घट्ट धरून, भिंतीला लागून. ती मोजणार होती. क्लार्क माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला काहीतरी मसालेदार ऐकायचं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे, तेवढाच तिला विरंगुळा. पण हा सरळ आरोप होता, लिहून दिलेला, क्लबच्या शिक्क्यासह. सरळ तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून कागदावर. मी ठरवलं की आज घरी गेल्यावर हा विषय काढायचा, दोघींनाही समोर बसवायचं, आणि कोण कुणाच्या पाठीमागे काय करतं त्याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा.

घरी गेलो तर बायकोनंच विषय काढला. माझ्या बाजूला येऊन बसली, आवाज एकदम हलका करून म्हणाली की गुरुवारी दुपारी तिच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे माझी वेळ घेतली आहे. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "ती म्हणते, बाबाला आकडे दिसत नाहीत. परीक्षेच्या दिवशी त्याला यंत्रातला आकडा नीट दिसला नाही, म्हणून एक फेरी जास्त झाली. मला शपथ घातलीय, बाबाला सांगू नको म्हणून, तुला वाईट वाटेल म्हणे. आता मोजायला मी येते, तेवढंच तुझ्या डोळ्यांना कमी ताण." आणि माझा हात धरून म्हणाली, अरे, होतं असं, वय कुणाला चुकलंय. आतल्या खोलीत पोरगी अभ्यास करत होती, तिच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. मी मनात सगळं जुळवलं. म्हणजे हिनं आईला खरं सांगितलं नाही. झाकलं. बापानं केलेली गोष्ट पोटात घातली आणि वरून त्याच्यासाठी एक निमित्त शोधलं, डोळ्यांचं, साधं, कुणालाही पटेल असं. अकरा वर्षांची पोर माझ्यावर दया दाखवत होती. दिवा लावणं, बिल वाचणं, पायरीवर वळून बघणं, सगळं त्यातलंच, ते निमित्त खरं वाटावं म्हणून चाललेलं नाटक. तिनं मला पकडलं असतं, आईला सांगितलं असतं, सरांकडे जाऊन रडली असती, तर मी लढलो असतो. माफ करणाऱ्याशी कसं लढायचं? त्या रात्री जेवताना तिनं माझ्या ताटाजवळ पाण्याचा पेला सरकवला तेव्हा मला तो भिरकावून द्यावासा वाटला.

गुरुवारी तिघं गेलो. पोरीनं शाळेतून लवकर येण्याची परवानगी काढली होती. दवाखान्यात एक लांब खोली, एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा उजळ फलक. बायको दाराजवळच्या बाकावर बसली, पोरगी माझ्याजवळच्या स्टुलावर, दप्तर मांडीवर घेऊन. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, त्यांनी माझा एक डोळा झाकला आणि वाचायला सांगितलं. मला सगळं दिसत होतं. सगळ्यात खालची ओळ दिसत होती, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही. त्या दहा सेकंदांत माझ्यासमोर दोन वाटा होत्या आणि मी दोन्ही नीट पाहिल्या. चौथ्या ओळीला अडखळायचं, एकदोन अक्षरं चुकवायची, चष्मा घ्यायचा, आणि जन्मभर ती दया नाकावर घालून हिंडायचं. किंवा वाचायचं. मला तिची माफी नको होती. माझ्यात काही कमी नाही, कान सोडला तर, आणि मी जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं, हे मला त्या पोरीला कळू द्यायचं होतं. तिला ते आधीच कळलंय असं मी धरून चाललो होतो, त्यामुळे हे नुसतं आमच्या दोघांतलं बोलणं होतं, तिसऱ्याला न कळणारं. मी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, भराभर, वरपासून खालपर्यंत. दुसरा डोळा झाकला, पुन्हा वाचलं. मग त्यांनी हातात धरायचं कार्ड दिलं, बारीक छपाईचं, ओळीगणिक लहान होत जाणारं, शेवटी आकड्यांची एक ओळ, मुंग्यांएवढी. सहा, तीन, आठ, आठ, पाच, नऊ, मी म्हटलं. छापखान्याचं नाव पण वाचू का?

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, उत्तम आहेत डोळे, चाळिशी लागायला अजून अवकाश आहे. बायकोनं हुश्श केलं आणि पिशवी उचलली. मी विजयी मुद्रेनं पोरीकडे वळलो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती आणि तिचा चेहरा आनंदलेला होता, खराखुरा, कुणाचं तरी मोठं दुखणं टळल्यावर होतो तसा. म्हणाली, "म्हणजे बाबा आंधळा नाही होणार?" त्या म्हणाल्या, नाही गं, कोण म्हणालं तुला? ती लाजून हसली. मग दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत जरा थांबली. तिला अजून काहीतरी विचारायचं होतं आणि मला एकदम कळलं की काय विचारायचं होतं. ती नाटक करत नव्हती. तिनं काही झाकलं नव्हतं. आठव्या फेरीला भिंतीला हात लावून ती माझ्याकडे बघत राहिली तेव्हाही नाही, बिल हातातून घेतलं तेव्हाही नाही. तिची मोजणी आणि माझी घंटा यांत फरक पडला होता, आणि बाबा मुद्दाम असं करेल ही शक्यता तिच्या डोक्यात आलीच नव्हती, म्हणून तिनं जे एकच कारण उरत होतं ते शोधलं होतं आणि दहा दिवस माझ्या नकळत त्याची काळजी केली होती.

तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, पाण्याजवळ खूप वेळ उभं राहिलं तर थोडा वेळ धूसर दिसतं का, क्लोरीननं? त्या म्हणाल्या, डोळे चुरचुरतील, पण आकडा वाचता येणार नाही असं नाही होत. तिनं विचारलं, सातच्या जागी सहा असं? त्या म्हणाल्या, नाही बाळ, तुझे बाबा तर मुंग्या वाचतात. आनंद तिच्या तोंडावरून एकदम गेला नाही. आधी डोळ्यांतून गेला, ओठांवर थोडा वेळ तसाच राहिला, कारण तिला तो काढायचं सुचलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "मग?"

बायकोनं दाराजवळून विचारलं, मग काय गं, चला, खाली माझी माणसं खोळंबली असतील. पोरगी हलली नाही. मी काहीतरी बोलणार होतो. लक्ष नव्हतं, म्हणता आलं असतं. सरांची शिट्टी वाजली आणि माझा अंगठा चुकला, म्हणता आलं असतं. तिनं तेही मानलं असतं, एका क्षणापूर्वीपर्यंत तिनं काहीही मानलं असतं. डॉक्टरीणबाईंनी कार्ड परत मागितलं. मी ते दिलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी एकही शब्द बोललो नाही, तेवढ्यात तिला उत्तर कळलं.